उनकेश्वरचे पाणी आणि कुजक्या अंड्याचा वायू

यवतमाळहून दक्षिणेकडे निघावे, पैनगंगा ओलांडावी, की नदीकाठी उनकेश्वर लागते. तालुका किनवट, जिल्हा नांदेड. म्हणजे कागदोपत्री ते आमचे नव्हे. पण नवसाला आणि खरजेला आमच्या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आली आहेत. आमच्या जिल्ह्यातही कापेश्वरला ऊन पाण्याचे झरे आहेत. परंतु नाव निघते ते उनकेश्वरचेच. शरभंग ऋषींचा आश्रम इथे होता, त्यांच्या अंगावरचा रोग जावा म्हणून रामाने बाण मारून ऊन पाणी काढले, असे सांगतात.

मी सातआठ वर्षांचा असताना आजीबरोबर अशाच एका ऊन पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. कुंडाजवळ गेल्याबरोबर मी नाक धरले. आजीने माझा हात खाली ओढला. "देवाच्या पाण्याले नाक नाही धरत, बाप्पा!" ती स्नान करून आली, ओट्यावर बसली, आणि तिचे लक्ष पायांकडे गेले. पायातली चांदीची जोडवी काळी पडली होती. बरोबरच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "माय वं, हे काय झालं?" दुसरी म्हणाली, "पाप उतरलं, सखुबाई. पाण्यानं ओढून घेतलं." आजी पुढे कितीतरी वर्षे ही गोष्ट समाधानाने सांगत असे. पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. जोडव्यांवर चढले ते सिल्व्हर सल्फाइड, असे मी तिला एकदा समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग पापाचं नाव इंग्रजीत तेच असन ना?"

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण त्या वायूची हकिकत मात्र सांगण्यासारखी आहे. तीच आज थोडक्यात सांगणार आहे.

आपल्याकडे अशा झऱ्यांना सरसकट 'गंधकाचे पाणी' म्हणतात. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीपासून खाली रत्नागिरीपर्यंत कोकणात ऊन पाण्याची जी रांगच्या रांग आहे, तिथेही हाच शब्द कानी पडतो. पण गंधक पाण्यात विरघळत नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून चार आण्याचे — आता चार आणे राहिले नाहीत, दहा रुपयांचे म्हणू — गंधक आणून तांब्याभर पाण्यात टाका. ते आपले पिवळे तसेच तळाशी बसेल, आणि पाण्याला तो वास येणार नाही. वास येतो तो गंधकाचा नव्हे. गंधकाचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन, असा संयोग होऊन जो वायू बनतो त्याचा तो वास. हायड्रोजनला आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत उज्जवायू म्हणत. वायूचे आजचे नाव हायड्रोजन सल्फाइड. अंडे नासले की जो सुटतो, तोच हा. अंडे जास्त वेळ उकडले म्हणजे बलकाभोवती हिरवट काळी कडा दिसते ना, तीही याचीच करणी: पांढऱ्यातला गंधक आणि बलकातले लोह यांची गाठ पडते.

पाणी ऊन का, याला जमिनीखाली ज्वालामुखी पेटलेला असावा लागत नाही. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या फटींतून खोल उतरते, तापते, आणि दुसरी वाट सापडली की वर येते. वाटेत त्याला निरनिराळे क्षार भेटतात. त्यांतले सल्फेट हे क्षार वासाला निरुपद्रवी. पण जिथे हवा पोचत नाही अशा जागी काही जीवाणू राहतात. आपल्याला श्वासाला प्राणवायू लागतो. यांना तो मिळत नाही, म्हणून ते सल्फेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला गंधक हायड्रोजनशी बांधून बाहेर टाकतात. हॉलंडातल्या डेल्फ्ट गावी बायरिंक नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ साली हा जीवाणू वेगळा काढून दाखविला. डेल्फ्ट हे नाव ध्यानात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

माणसाचे नाक या वायूला ओळखत आले ते अनादिकाळापासून. पण त्याची विचारपूस प्रथम केली ती एका वैद्याने. इटलीतल्या मोदेना शहरी बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्यकाचा प्राध्यापक होता. एकदा त्याच्या घरचा शौचकूप साफ करण्याचे काम चालले होते. एक मजूर अगदी जिवाच्या आकांताने घाई करताना त्याला दिसला. रामाझ्झिनीने विचारले, बाबा रे, सावकाश का करीत नाहीस? मजूर म्हणाला, चार तासांहून अधिक इथे राहिलो तर डोळे जातील. रामाझ्झिनीने त्याचे डोळे पाहिले: लाल, सुजलेले, अंधुक. मग तो शहरातल्या इतर सफाईवाल्यांकडे गेला. त्यांत कित्येक अर्धे आंधळे, काही पुरते आंधळे होऊन भीक मागत होते. आणखी एक गोष्ट त्याने टिपली. या लोकांच्या खिशातली तांब्याची आणि चांदीची नाणी काळी पडत. डोळे नासवणारे आणि नाणी काळी करणारे द्रव्य एकच असावे, असे त्याने अनुमान केले. कारागिरांच्या रोगांवरचे त्याचे पुस्तक १७०० साली छापले गेले. पंडिताने शौचकूपाच्या काठी उभे राहून मजुराला प्रश्न विचारावा, ही गोष्ट त्या काळी थोडी नव्हे. आजही थोडी नव्हे.

माझ्या आजीची जोडवी आणि मोदेनाच्या मजुराची नाणी, दोन्ही एकाच वायूने काळी केली.

नाव मिळायला पुढे पाऊणशे वर्षे लागली. स्वीडनमध्ये कार्ल शेले नावाचा औषधविक्या होता. दुकान लहान, गाव लहान, पण प्राणवायू, क्लोरीन अशी कितीतरी द्रव्ये त्याच्या हातून उजेडात आली. १७७७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने या दुर्गंधी वायूचे वर्णन केले. नवे द्रव्य हुंगून आणि चाखून पाहण्याची शेलेची रीत होती. तो त्रेचाळिसाव्या वर्षी वारला, यात नवल वाटत नाही. त्याच सुमारास त्याच देशातला बर्गमान खनिज झऱ्यांचे पाणी तपासत होता. त्यालाही हाच वायू सापडला. तेव्हा याला 'यकृतवायू' अशा अर्थाचे नाव होते. कारण गंधक आणि खार एकत्र वितळवला म्हणजे काळिजाच्या रंगाचा गोळा होतो, त्यावर आम्ल टाकले की हा वायू सुटतो.

पण खरी गंमत केली फ्रान्समधल्या बेर्तोले याने. तेव्हा लाव्हाझिएचे मत सर्वमान्य होते, की आम्लपणा हा प्राणवायूमुळेच येतो. प्राणवायूच्या नावाचा युरोपी अर्थच मुळी 'आम्ल जन्माला घालणारा' असा आहे. बेर्तोलेने १७९६ साली दाखवून दिले, की हा घाण वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्लासारखा वागतो, आणि त्यात प्राणवायूचा कणही नाही. लाव्हाझिए दोन वर्षे आधीच गिलोटिनखाली गेला होता. उत्तर द्यायला उरला नव्हता. पुढे इतर आम्लांचाही असाच दाखला मिळाला आणि ते मत मागे पडले.

आता याचे गुण सांगतो. रंग नाही. हवेपेक्षा थोडा जड: हवा २९ म्हटली तर हा ३४. म्हणून विहीर, खड्डा, टाकी अशा सखल जागी तो साचून राहतो. नेहमीच्या उष्णतेत पाणी आपल्या आकारमानाच्या सुमारे अडीचपट हा वायू पोटात घेते. ते पाणी उघडे ठेवले तर हवेतल्या प्राणवायूने हायड्रोजन हिरावला जातो, गंधक मोकळा होतो, आणि पाणी दुधाळ दिसू लागते. पेटवला तर निळ्या ज्योतीने जळतो. हवा भरपूर असेल तर पाणी आणि गंधकाचा ठसका लावणारा धूर होतो. हवा अपुरी पडली तर भांड्याच्या कडेला पिवळा गंधकच बसतो. शिशाच्या क्षारात भिजवलेला कागद याच्यासमोर धरा, क्षणात तपकिरी-काळा होतो. युरोपातल्या जुन्या चित्रांतले सफेद्याचे पांढरे रंग शहराच्या धुरकट हवेत काळवंडले ते याच कारणाने. तेनार याने १८१८ साली शोधलेले हायड्रोजन पेरॉक्साइड लावले की ती काळिमा पुन्हा पांढरी होते, हेही पुढे ध्यानात आले.

चांदीलाही उपाय आहे. अॅल्युमिनियमच्या भांड्यात कढत पाणी घ्यावे, त्यात खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकावे, आणि काळा दागिना भांड्याला टेकेल असा ठेवावा. अॅल्युमिनियम चांदीकडून गंधक सोडवून घेते, आणि चांदीची चांदी होते. घासून चांदी झिजवण्यापेक्षा हे बरे. भांड्यावर वाकून हुंगाल तर तोच ओळखीचा वास पुसटसा येईल.

शंभर-सव्वाशे वर्षे रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या कपड्यांना हा वास होता. त्याचे कारण डेल्फ्ट. होय, तेच डेल्फ्ट. तिथल्या किप नावाच्या औषधविक्याने १८४४च्या सुमारास काचेचे एक यंत्र काढले: एकावर एक तीन भोपळे. मधल्यात लोहसल्फाइडचे खडे, वरच्यात आम्ल. तोटी उघडली की आम्ल खालून वर चढून खड्यांना भिडते आणि वायू सुटतो. तोटी बंद केली की वायूच आम्लाला मागे रेटतो आणि काम थांबते. हवा तेव्हा आणि हवा तेवढा वायू. आणि जर्मनीतल्या फ्रेझेनियसने १८४१ सालच्या आपल्या पुस्तकात या वायूने धातू ओळखण्याची जी पद्धत बसवून दिली, ती जगभर चालली. द्रावणात आम्ल घालून वायू सोडला की तांबे, शिसे, पारा काळे होऊन खाली बसतात, कॅडमियम पिवळे, अँटिमनी नारिंगी. लोखंड, जस्त, निकेल मात्र आम्लात हलत नाहीत. द्रावण अल्कली करावे लागते, मग ते साका धरतात. त्यात जस्ताचा साका पांढरा. म्हणजे एका वायूने धातूंच्या जातीच लावून दिल्या.

आपल्या लोकांना हे साके अगदीच परके नाहीत. चित्रकाराचा पिवळा हरताळ म्हणजे अर्सेनिक आणि गंधक. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. वैद्य खलात पारा आणि गंधक तासन्‌तास घोटून जी काळी कज्जली करतो, तीही पाऱ्याचे सल्फाइडच. सोमल घातल्याचा संशय आला तर रासायनिक परीक्षक पोटातल्या द्रव्यातून हाच वायू सोडून पिवळा साका पडतो का ते पाहत, आणि त्या पिवळ्या रंगावरून आणि पुढच्या चाचण्यांवरून माणसे फासावर गेली आहेत.

माझ्या कॉलेजच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. किपचे यंत्र मागल्या बाजूच्या एका कोंदट खोलीत ठेवलेले असे. मी परीक्षानळी घेऊन तिथे गेलो, तोटी उघडली. आधी वास भपकन आला. मग हळूहळू कमी होत नाहीसा झाला. मला वाटले, खडे संपले. मी तोटी आणखी उघडली आणि वाट पाहत उभा राहिलो. डोके जड झाले, डोळे चुरचुरू लागले, पण वास नाही म्हणून मी निर्धास्त. तेवढ्यात प्रयोगशाळेतले मामा दाराशी आले आणि माझी कॉलर धरून त्यांनी मला ओढत बाहेर काढले. मी म्हणालो, "मामा, गॅस संपलाय. वासच येत नाही." मामा खेकसले, "गॅस नाही संपला, नाक संपलं तुमचं! व्हरांड्यात बसा मुकाट." मामा सातवी शिकलेले होते. पुस्तकात ही ओळ होती, मी ती वाचलीही होती, पण ती मला कळली ती व्हरांड्यात ओकारी काढताना.

या वायूची खरी दहशत ती हीच. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भाग असला तरी नाकाला कळतो. पुष्कळांना त्याच्या कितीतरी कमीतही कळतो. पण प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले, की थोड्याच मिनिटांत गंधाची जाणीवच बधिर होते. पाचशेच्या पुढे माणूस कोसळतो. हजारावर गेले तर दोनचार श्वासांत खेळ आटोपतो. सायनाइडसारखाच हाही पेशींतली प्राणवायू वापरण्याची यंत्रणा अडवतो. फुफ्फुसात हवा जाते, रक्तात प्राणवायू असतो, आणि शरीर तरी गुदमरते. पॅरिसच्या मैलाकुंड्या उपसणाऱ्या मजुरांत अठराव्या शतकात या मरणाला एक शब्दच होता, त्याचा अर्थ 'शिसे'. छातीवर शिसे ओतल्यासारखे वाटते आणि माणूस पडतो, म्हणून. कॉलेजांतून किपची यंत्रे आता बहुतेक गेली. त्यांच्या जागी थायोअॅसिटामाइडचे द्रावण आले. पण गटारे गेली नाहीत.

मैल्याच्या टाकीच्या तळाशी जो काळा गाळ असतो तो लोहसल्फाइडाने काळा झालेला असतो. तो स्थिर असेपर्यंत वायू गाळाच्या पोटात अडकून राहतो. माणूस उतरतो, गाळ ढवळतो, आणि अडकलेला वायू एकदम सुटतो. वरून झाकण उघडून पाहिले तेव्हा काही नव्हते, खाली पाय पडला आणि घात झाला, असे होते ते यामुळे. तुंबलेल्या नळीत कुणी अॅसिड ओतले तर आणखी वाईट.

अॅसिडाचे कारण समजून घ्यायचे तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावे. पैनगंगेचा उगम त्याच जिल्ह्यातला. लोणारचे सरोवर उल्केच्या आघाताने झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातले; १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण त्याच्या कितीतरी आधी 'ऐन-ई-अकबरी'त तिथल्या खाराचा उल्लेख आहे. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी तिथल्या खारांची नावे. काच आणि साबण यांसाठी त्यांना गिऱ्हाईक असे. सरोवराचे पाणी इतके खारट-अल्कली, की हायड्रोजन सल्फाइडचा हजारात एखादाच रेणू वायुरूपात राहतो. बाकीचा विरघळलेला, बांधलेला. काठचा काळा चिखल पायाखाली दबला की मात्र वास उसळतो. आता त्या बाटलीभर चिखलात लिंबू पिळा, म्हणजे नाक धरून पळावे लागेल! आम्ल पडले की बांधलेला सगळा वायू सुटतो. कातडी कमावण्याच्या कारखान्यांत केस काढायला सोडियम सल्फाइड वापरतात. त्याच्या सांडपाण्यात आम्ल मिसळले की हाच प्रकार घडतो. तुंबलेल्या संडासाच्या टाकीत अॅसिड ओतून वर माणूस उतरवणे म्हणजे लोणारचा चिखल आणि लिंबू बंद खोलीत एकत्र करण्यासारखे आहे.

आणि कंदिलाबद्दल. आमच्या वऱ्हाडात जुनी विहीर उपसायची किंवा खोल करायची झाली, की आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. ही रीत चांगली आहे, शहाण्या माणसांनी घालून दिली आहे. पण ती प्राणवायू कमी आहे की नाही एवढेच सांगते. कार्बन डाय-ऑक्साइड साचलेल्या विहिरीत तिने पुष्कळांचे प्राण वाचवले असतील. हायड्रोजन सल्फाइडचे एका हजारातील एक भाग हे प्रमाण माणसाला पुरते होते, पण कंदिलाला त्याचे काहीच वाटत नाही. तो खाली शांतपणे जळत राहतो. आणि वायू शेकडा चारपाच भाग किंवा अधिक झाला तर कंदीलच त्याला पेट देईल. म्हणून मैल्याच्या टाकीत कंदील सोडणे हे दोन्हींकडून वाईट.

वर्तमानपत्रांतून या बातम्या येतात तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. पहिला उतरतो आणि पडतो. वरचा दुसरा 'दादा' म्हणून हाक मारतो, आणि दादाला काढायला उतरतो. मग तिसरा. बाहेर काढतात तेव्हा तीन देह असतात, आणि त्यांतले दोघे केवळ मायेपोटी गेलेले असतात. त्या दोघांना वास आला असता तर कदाचित पाय मागे घेतला असता.

हाताने मैला वाहण्याचा प्रघात बंद करण्यासाठी आपल्या देशात १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा, अधिक कडक. गटारात किंवा टाकीत संरक्षणाच्या साधनांवाचून माणूस उतरवणे हा त्याने गुन्हा ठरवला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याची आज्ञा केली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती रक्कम ३० लाख झाली. रक्कम वाढवावी लागली यातच सारे आले. हे काम कुणाच्या वाट्याला येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीच्या वाट्याला आले आहे, हे मी आकाशवाणीवरून सांगण्याची गरज नाही.

उनकेश्वरच्या पाण्याने खरूज बरी होते का, असे मला गावोगाव विचारतात, म्हणून तेही सांगतो. खरजेचा किडा गंधकाच्या मलमाने मरतो हे खरे आहे. ऊन पाण्याने कंड शमतो हेही खरे. महारोग मात्र कोणत्याही झऱ्याच्या पाण्याने जात नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि ते वेळेवर घेतले की रोग पुरता बरा होतो. झऱ्यावर स्नान जरूर करावे. उघड्या आभाळाखाली वारा खेळता असतो, वायू साचत नाही. कुंडाभोवती चारी बाजूंनी भिंती बांधून वर छप्पर घालण्याचा बेत कुणी केला तर मात्र गावकऱ्यांनी आधी विचारावे, हवा जायला खाली, जमिनीलगत, झरोके ठेवले आहेत का. वर ठेवून उपयोग नाही. वायू जड आहे.

टाकी उपसायची असेल तर नगरपालिकेची शोषण-गाडी बोलवावी, ती वरूनच नळी सोडून मैला ओढून घेते. माणूस उतरवल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर झाकणे पुष्कळ आधी उघडून पंख्याने हवा खेळवावी, आणि हातात मावणारे वायुमापक दोरीला बांधून तळापर्यंत सोडावे. ते दहा लाखात दहा भाग दाखवतानाच घंटा देऊ लागते. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर हवा, तोंडावर बाहेरून हवा आणणारा मुखवटा हवा. रुमाल बांधून काही होत नाही. दोराचे दुसरे टोक वर धरलेल्याने खाली उतरायचे नाही, दोर ओढायचा.